चिटणिसांचा गोट, गोठ आणि गोठा : लष्करच्या वस्त्यांच्या नावांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ग्वाल्हेर हे एक शहर आहे, असे आपण केवळ सोयीसाठी म्हणतो. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने गाव, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून राजधानी हलवल्यावर त्यांच्या तळाभोवती वाढलेले लष्कर, आणि इंग्रजांच्या छावणीचे मुरार अशी ही तीन गावे एकमेकांना येऊन मिळाली आहेत. मराठी कुटुंबे मुख्यतः लष्करात राहिली, आणि तिथल्या वस्त्यांच्या नावांत फौजेची सगळी मांडणी अजून वाचता येते. हुजरात पागा आहे, जिन्सी नाला आहे, कंपू आहे, शिंदे की छावनी आहे, आणि चिटणीस की गोठ, महाडिक की गोठ अशा सरदार-मुत्सद्द्यांच्या नावांच्या गोठी आहेत.

लष्करातील एका जुन्या मराठी संस्थेने, जिचे नाव येथे देत नाही, आपल्या वर्धापनदिनानिमित्त सभागृहाच्या भिंतीवर लष्करचा एक मोठा नकाशा लावण्याचे आणि त्यासोबत एक छोटी पुस्तिका छापण्याचे ठरवले. कारण अगदी घरगुती होते. पुण्याहून, इंदूरहून, परदेशातून सुट्टीत येणारी नातवंडे आजोबांच्या जुन्या पत्रांवरचे पत्ते घेऊन येत, आणि त्या पत्त्यांतील निम्मी नावे मोबाइलमधील नकाशावर सापडत नसत. कामासाठी तिघांची समिती नेमली गेली. त्यात एक निवृत्त संस्कृत शिक्षक होते, वास्तुकलेचे शिक्षण घेणारी एक मुलगी होती, आणि मी होतो. शिक्षकांना सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तसेच म्हटले आहे. मुलीचा उल्लेख संकलक असा केला आहे, कारण घरोघरी जाऊन नावे तिनेच गोळा केली.

अडचण

संकलकाला सापडलेला पहिला महत्त्वाचा कागद म्हणजे एका घरातील पोस्टकार्ड. शाई फिकी पडली होती, पण पत्ता स्वच्छ होता : ‘मुक्काम लष्कर ग्वाल्हेर, चिटणिसांचा गोट’. गोठ नव्हे, गोट. हे कार्ड पाहून आम्हा तिघांनाही जो आनंद झाला त्यातच पुढच्या चुकीचे बीज होते. मूळ नाव सापडले, आता सगळीच नावे मूळ रूपात लिहायची, असे आम्ही एका बैठकीत, चहा संपायच्या आत ठरवून टाकले. महाराज बाड्याचा महाराज वाडा झाला, चिटणीस की गोठचा चिटणिसांचा गोट झाला, आणि फालका बाजारातला ‘फालका’ म्हणजे सरदार फाळकेच, असे धरून तिथे फाळके बाजार लिहिले गेले.

नकाशाची अक्षरजुळणी बाहेरगावी करून घेतली. तिथल्या मुद्रितशोधकाला एका ठिकाणी ‘गोट’ आणि संकलकाच्या हस्तलिखित टिपेत दुसऱ्या ठिकाणी ‘गोठ’ दिसले, आणि त्याने सरळपणे असा अर्थ लावला की शेवटचा काना सुटला आहे. सभासदांच्या अवलोकनासाठी सभागृहात टांगलेल्या पहिल्या प्रतीवर ठळक अक्षरांत ‘चिटणिसांचा गोठा’ छापून आले. आम्ही तिघांनी ती प्रत टांगण्यापूर्वी वाचली होती, आणि तिघांच्याही नजरेतून ते निसटले होते. त्या वस्तीत चार पिढ्या काढलेल्या एक काकू दुसऱ्या दिवशी नकाशापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, आमच्याकडे दोन म्हशी होत्या हे खरं, पण आम्ही गोठ्यात राहत नव्हतो.”

सभागृहात हशा पिकला. काकू मात्र हसत नव्हत्या. त्यांचे पुढचे वाक्य जास्त अडचणीचे होते : “आणि गोट तरी कोण म्हणतं? माझी सासूसुद्धा गोठच म्हणायची.” छपाईची चूक एका दिवसात दुरुस्त झाली असती. हा प्रश्न दुरुस्त करता येण्यासारखा नव्हता, कारण तो नकाशाच्या मूळ कल्पनेवरच होता.

समोरचे पर्याय

पुढच्या बैठकीत चार मते पुढे आली, आणि प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही बळ होते.

पहिले मत आमचेच, म्हणजे सर्व नावे शुद्ध मराठी रूपात लिहावीत. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. ‘गोट’ म्हणजे फौजेचा तळ, छावणीतला एकेका सरदाराचा भाग. मराठी इतिहासलेखनात ‘शिंद्यांच्या गोटात’ हा प्रयोग पानोपानी येतो, आणि ‘आतल्या गोटातली बातमी’ असे आपण आजही म्हणतो. लष्कर हे तळातूनच वाढलेले गाव असल्यामुळे चिटणिसांचा गोट हे नाव इतके चपखल बसते की पोस्टकार्ड सापडले नसते तरी कोणी ना कोणी तो तर्क केलाच असता.

दुसरे मत कार्यवाहांचे होते. आज पाटीवर जे आहे तेच लिहावे, महानगरपालिकेच्या नोंदीत आहे तसे, आणि वाद मिटवावा. या मतात आळस होता असे तेव्हा मला वाटले. आता तसे वाटत नाही.

तिसरे मत गुरुजींचे. त्यांच्या मते मराठी रूपे तरी मूळ कशी? लष्कर काल-परवाचे, मूळ पाहायचे तर किल्ल्याकडे पाहावे. हूण राजा मिहिरकुलाच्या राज्यकाळातील, सहाव्या शतकातील शिलालेखात या डोंगराला ‘गोप’ हे नाव आहे, पुढच्या लेखांत आणि ग्रंथांत गोपगिरी, गोपाद्री, गोपाचल अशी रूपे येतात, म्हणून नकाशाच्या शीर्षकात ‘गोपाचल’ असावे. ग्वालिपा नावाच्या साधूने सूरजसेन राजाचा कुष्ठरोग बरा केला आणि त्याच्या नावावरून गाव ग्वालियर झाले, ही दंतकथा त्यांना मान्य नव्हती. दंतकथा लोकांना आवडते, शिलालेख कोणाला आवडत नाही, असे ते थोड्या खिन्नपणे म्हणाले.

चौथे मत संकलकाचे, आणि ते मताच्या रूपात नव्हते, प्रश्नाच्या रूपात होते. एका जागेला एकच नाव लिहायचे हे कोणी ठरवले?

निर्णयाचे टप्पे

गुरुजींच्या सूचनेची तपासणी आधी झाली, आणि ती त्यांनीच नकळत एका उदाहरणाने सैल केली. किल्ल्यावरच्या ज्या जोडमंदिरांना सगळे गाव सासबहू म्हणते, त्यांना सहस्रबाहू लिहावे, असा त्यांचा आग्रह होता, कारण सहस्रबाहूचा अपभ्रंश होऊन सासबहू झाले, असे सामान्यतः सांगितले जाते. संकलकाने विचारले की मंदिरातील लेखात काय आहे? विक्रम संवत ११५०, म्हणजे इसवी सन १०९३ च्या त्या लेखात कच्छपघात राजा महीपालाच्या काळातील मंदिराचा देव पद्मनाथ या नावाने येतो. मग मूळ नाव पद्मनाथ म्हणायचे, सहस्रबाहू म्हणायचे, की ज्या नावाने रिक्षावाला नेऊन सोडतो ते म्हणायचे? गुरुजी बराच वेळ गप्प होते. ‘मूळ’ हा शब्द आमच्या चर्चेत त्यानंतर फारसा आला नाही. त्याच्या जागी ‘अमुक साली असे लिहिलेले’ असा लांबलचक पण प्रामाणिक शब्दप्रयोग आला.

मराठी रूपांच्या आग्रहाला पहिला धक्का लष्कर या शब्दानेच दिला. शब्द फारसी, आणि त्यात मूळचा ‘श’. हिंदीत ‘लश्कर’ लिहितात, आपण मराठीत ‘लष्कर’ लिहितो. मूळ रूपाचाच न्याय लावायचा तर इथे हिंदी पाटी बरोबर आणि आमचा नकाशा चुकीचा ठरतो. कंपूची गोष्ट त्याहून गमतीची आहे. महादजी आणि दौलतराव यांच्या पदरी द बॉयन आणि पेराँ यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना मराठीत कंपू म्हणत. शब्द कँप, काम्पो या युरोपीय कुळातला. १८०३ मध्ये असईला आणि लासवारीला इंग्रजांनी हे कंपू मोडले. पलटणी गेल्या, शब्द मात्र लष्करच्या एका भागाला चिकटून राहिला, आणि महाराष्ट्रात तोच शब्द चार टवाळ मित्रांच्या टोळक्याला लागू झाला. पुण्याहून आलेल्या नातवाला ‘आम्ही कंपूत राहायचो’ हे वाक्य ऐकून हसू येते, यात त्याचा दोष नाही.

उलट दिशेचे उदाहरणही सापडले. राजघराण्याचे नाव हिंदीत सिंधिया आणि इंग्रजी कागदांतही त्याच वळणाचे. सातारच्या कण्हेरखेडहून आलेल्या घराण्याचे मूळ आडनाव शिंदे, आणि ते रूप हिंदी बोलणाऱ्या रिक्षावाल्याच्या तोंडी रोज येते, कारण तो ‘शिंदे की छावनी’च म्हणतो. जे मराठी रूप घराण्याच्या नावात मागे पडले ते मोहल्ल्याच्या नावात शाबूत आहे. नावे शुद्ध करायला निघालेल्या समितीला ही गोष्ट नकाशा छापल्यावर कळावी, हे काही भूषणावह नव्हते.

सर्वांत जास्त वेळ महाराज बाड्यावर गेला. भाषेच्या दृष्टीने प्रकरण सोपे आहे. मराठी वाडा, हिंदीच्या वळणाने ‘व’चा ‘ब’ होऊन बाडा. चौकाचे अधिकृत नाव जिवाजी चौक, पण ते फक्त कागदावर. सबब वाडा लिहावे, असे माझे मत होते, आणि मी ते जोरात मांडले. तेव्हा काकूंनी, त्यांना आता समितीच्या बैठकीला आम्ही आवर्जून बोलवत होतो, एक साधी गोष्ट सांगितली. त्यांच्या घरात ‘बाड्यावर जाऊन येते’ म्हणजे बाजारात जाऊन येते, आणि ‘वाड्यावर जाऊन येते’ म्हणजे मोठ्या दिरांच्या घरी जाऊन येते. दोन्ही वाक्ये मराठी, दोन्ही एकाच तोंडातली. म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठीने हिंदीचा बाडा उसना घेतला आणि त्याला वाड्याहून वेगळा अर्थ दिला. नकाशावर ‘महाराज वाडा’ लिहिले असते तर ते व्युत्पत्तीला धरून झाले असते, आणि लष्करातील एकाही मराठी माणसाच्या बोलण्याशी जुळले नसते. मी माझे मत मागे घेतले. मनापासून घेतले असे म्हणवत नाही, पण घेतले.

गोठीचा निकालही याच वाटेने लागला. संकलक त्या वस्तीत पुन्हा गेली, आणि या वेळी फक्त मराठी घरांत गेली नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला तिने विचारले की गोठ म्हणजे काय. तो म्हणाला, “गोठ मतलब मोहल्ला, और क्या?” त्याला फौज ठाऊक नव्हती आणि गाईही ठाऊक नव्हत्या. गोटाचा ठ कधी झाला, हिंदी तोंडात झाला की मराठी तोंडातच, हे ठरवण्याइतका पुरावा आमच्यापाशी नव्हता, पण आज गोठ हा या शहराचा स्वतःचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ वस्ती असा आहे, एवढे स्पष्ट झाले. मग तो चुकीचा ‘गोट’ ठरत नाही.

कृती

यानंतर आम्ही पुराव्याची एक साधी उतरंड ठरवली, जी खरे तर पहिल्या दिवशी ठरवायला हवी होती. तारीख असलेले लिखित रूप असेल तर ते वर्षासह नकाशावर येईल. तारीख नसलेला कागद असेल तर कागदाचा प्रकार नमूद करून येईल. केवळ आठवण असेल तर एकमेकांशी नाते नसलेल्या दोन घरांनी तीच सांगितली पाहिजे. आणि नुसती व्युत्पत्ती, ती कितीही पटणारी असली तरी, नकाशावर येणार नाही, फार तर पुस्तिकेत येईल.

या शेवटच्या नियमाची कसोटी जनकगंजावर लागली. १८२७ ते १८४३ या काळात गादीवर असलेल्या जनकोजीराव शिंद्यांचे हे नाव, म्हणून ‘जनकोजीगंज’ लिहावे, असा एका ज्येष्ठ सभासदांचा आग्रह होता. नाही तर उद्याची मुले त्याचा संबंध सीतेच्या वडिलांशी जोडतील, असेही ते म्हणाले. धोका खरा होता. पण ‘जनकोजीगंज’ असे लिहिलेला एकही कागद आम्हाला दाखवला गेला नाही. नकाशावर जनकगंज राहिले, आणि सभासदांचे म्हणणे पुस्तिकेत त्यांचे म्हणणे म्हणूनच छापले. फाळके बाजार त्याच नियमाने पुन्हा फालका बाजार झाला. ळ हे अक्षर ज्या लिपीव्यवहारात चालत नाही तिथे फाळक्यांचे फालके होणार हे कोणालाही कळते, पण कळणे आणि कागद असणे वेगळे.

मोडी कागदांनी एक निराळीच मर्यादा दाखवली. हुजरात पागेतील हुजरात म्हणजे हुजुरात, सरकारच्या खास घोडदळाचा भाग, आणि जिन्सी म्हणजे तोफखाना, यावर कोणाचा वाद नव्हता. वाद होता तो ऱ्हस्वदीर्घाचा, आणि त्यावर पाऊण तास गेला. गुरुजींना नियम हवा होता. शेवटी कागद वाचून देणाऱ्या गृहस्थांनीच सांगितले की मोडीत इ-ई आणि उ-ऊ यांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळलाच जात नाही, तेव्हा कागद याबाबत काहीही सांगू शकत नाही. आम्ही आज प्रचलित असलेले लेखन ठेवले.

शीर्षकाचा प्रश्न राहिला होता. गोपाचल नको, हे ठरले होते. ग्वालियर की ग्वाल्हेर? बाहेर आम्ही सगळे ग्वालियर म्हणतो, घरात ग्वाल्हेर. साल्हेर-मुल्हेरच्या वळणाचा हा ‘हेर’ मराठी जिभेला इतका सहज येतो की तो कानाला अपभ्रंश वाटत नाही. नकाशा मराठी वाचकांसाठी होता, म्हणून शीर्षकात ‘ग्वाल्हेर’ आणि ‘लष्कर’ ठेवले, आणि खाली बारीक अक्षरांत आजचे सरकारी लेखन दिले. इथे आम्ही आपलाच वाडा-बाड्याचा न्याय लावला : मराठी माणूस मराठीत जे बोलतो ते.

निष्पत्ती

दुसरी प्रत टांगली गेली ती पहिलीपेक्षा दिसायला गर्दीची आहे. आजचे नाव ठळक, त्याखाली जुने लिखित रूप आणि वर्ष, आणि ज्या ठिकाणी काहीच नाही तिथे काहीच नाही. चिटणीस की गोठच्या खाली ‘पोस्टकार्डावर : चिटणिसांचा गोट’ एवढेच आहे. वर्ष लिहिता आले नाही, कारण टपालाच्या शिक्क्यावरचा आकडा नेमका तिकिटाच्या दात्यांवर पडला आहे.

खर्च दुप्पट झाला आणि वर्धापनदिन हुकला. गुरुजींनी पुस्तिकेवर संपादक म्हणून नाव घालू दिले नाही, पण किल्ल्यावरील लेखांचे टिपण त्यांनीच लिहून दिले, आणि पुस्तिकेतील तेच प्रकरण सर्वांत नीटनेटके आहे. नातवंडांची सोय झाली. इंदूरहून आलेल्या एका मुलाने आजोबांच्या पत्रावरचा पत्ता नकाशावर शोधून, जाऊन घर पाहून, आता तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे हे संध्याकाळी येऊन सांगितले. जुनी, गोठ्याची प्रत फेकलेली नाही. ती कपाटामागे गुंडाळून ठेवली आहे, आणि मुले ती मागून पाहतात. दुसऱ्या प्रतीपेक्षा तिला मागणी जास्त आहे.

काय वेगळे करता आले असते

छपाईची चूक टाळता आली असती का, हा प्रश्न मला गौण वाटतो. एकच हस्तलिखित, एकच रूप, आणि अक्षरजुळणीपूर्वी त्या त्या वस्तीतील एका माणसाकडून वाचून घेणे, एवढ्याने ती टळली असती. खरी चूक पोस्टकार्ड सापडले त्या संध्याकाळी झाली. एका कागदावरून आम्ही पन्नासेक नावांसाठी धोरण ठरवले, आणि ते पोस्टकार्ड महाराष्ट्रातून आलेले होते, लिहिणारा माणूस बाहेरचा होता, याकडे तिघांपैकी कोणीही लक्ष दिले नाही. पत्ता लिहिणाऱ्याने ऐकलेला गोठ आपल्या ओळखीच्या गोटात बसवला असेल, हीही शक्यता होती, जसा मुद्रितशोधकाने तो आपल्या ओळखीच्या गोठ्यात बसवला.

दुसरी गोष्ट, आम्ही हिंदीभाषक आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे फार उशिरा गेलो. हजिरा म्हणजे मकबरा, हे एका मुसलमान गृहस्थांनी सांगेपर्यंत आमच्या पुस्तिकेच्या मसुद्यात त्या भागासाठी ‘हजेरी’वरून केलेली एक चमकदार व्युत्पत्ती होती. फौजेची हजेरी घेण्याची जागा म्हणजे हजिरा! महंमद घौस यांचा मकबरा त्या भागापासून जवळच आहे, हे ठाऊक असूनही. लष्कराचा चष्मा एकदा चढला की सगळीकडे पागा आणि तोफखानाच दिसू लागतो.

तिसरी गोष्ट अजून चालू आहे. नकाशाशेजारी आम्ही एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवली आहे. मागच्या महिन्यात त्यात एका थरथरत्या अक्षरातली नोंद सापडली : ‘हुजरात पागेत आमचे घर होते. आम्ही नुसते पागेत म्हणत असू. हुजरात कधी कोणी म्हटल्याचे आठवत नाही.’ खाली दुसऱ्याच कोणाच्या हाताने लिहिले आहे : ‘आम्ही उलट नुसते हुजरात म्हणतो.’ दोन्ही घरांचे एकमेकांशी नाते नाही, हे संकलकाने विचारून घेतले आहे. आमच्या नियमाला एकाच नावाच्या दोन आठवणी जुळायला लागतात, आणि इथे दोन घरांनी नावाचे दोन अर्धे आपापसांत वाटून घेतले आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ही नोंद पहिल्या क्रमांकावर आहे.